केबल बोलत नाही की पत्ता मिळत नाही?

वायरने जोडलेलं नेट बंद पडलं की विंडोज साधारण दोनपैकी एक तक्रार करतं: ‘नेटवर्क केबल अनप्लग्ड’ किंवा ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’. ब्राउझर दोन्ही वेळा सारखाच रुसलेला, त्यामुळे उपायही सरसकट सारखेच होतात. मी एकदा अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढण्या-घालण्यात घालवली. प्रत्यक्षात प्लगची क्लिप तुटून तो जरासा बाहेर सरकला होता, बस्स.

तेव्हा आधी कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघा. केबल जिथे शिरते तिथे बहुतेक मशीनना बारीक दिवे असतात. (हिरवा की नारिंगी या भानगडीत पडू नका, प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा.) दिवा विझलेला असेल तर पहिली तक्रार खरी: दोन टोकांमध्ये लिंकच नाही. मग आयपी (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता), डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा), फायरवॉल यांना हात लावणं व्यर्थ. प्लग ‘टक्’ वाजेपर्यंत आत दाबा, राउटरचं दुसरं पोर्ट वापरा, केबल बदला. बदली केबल नवीकोरी असण्यापेक्षा दुसऱ्या मशीनवर चालताना पाहिलेली असावी. तरीही अंधारच? कॉम्प्युटर बंद करा, पॉवर केबल उपसा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा. नेटवर्क कार्डाला मशीन बंद असतानाही थोडी वीज मिळत राहू शकते, त्यामुळे अडकलेलं कार्ड नुसत्या रीस्टार्टने सुटेलच असं नाही.

दिवा लुकलुकतोय, पण पान उघडत नाही, ही गोष्ट वेगळी. कमांड प्रॉम्प्टवर (स्टार्ट मेनूत cmd लिहिल्यावर मिळणारी खिडकी) ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. ‘आयपी तर आलाय की!’ म्हणून पुष्कळजण इथेच फसतात. राउटर रीस्टार्ट करा, मग ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ (ipconfig /release) आणि ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ (ipconfig /renew) द्या. पत्ता १९२.१६८सारखा दिसतोय, तरी नेट नाही? मग कुणी तो पूर्वी हाताने टाकून ठेवलाय का ते तपासा. गूगलच्या ८.८.८.८ला पिंग (उत्तर येतं का ते पाहणारा छोटा संदेश) जातो पण साइटचं नाव उघडत नाही, तर दोष डीएनएसचा. १२७.०.०.१ला पिंग करून केबल ठीक आहे असं मात्र ठरवू नका. तो पिंग मशीनच्या बाहेर पडतच नाही.

आता घोळ कुठे होतो बघा. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही. उरलेल्या चारांपैकी एक तुटली तर बरीच कार्डं मुकाट्याने १००वर उतरतात. दिवा चालू, नेटही चालू, फक्त रडतखडत. आणि एखादी तार धड तुटलेली नसून सैल असेल तर दिवा पेटतो, पण पत्त्याची मागणी वाटेत खराब होते. मग केबलचं दुखणं ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’च्या नावाखाली दिसतं. अ‍ॅडॅप्टरच्या (म्हणजे नेटवर्क कार्डाच्या) स्टेटसमध्ये स्पीड बघा. राउटर आणि कार्ड दोन्ही गिगाबिटचे असून तिथे १०० दिसत असेल, किंवा राउटर रीस्टार्ट करूनही १६९.२५४ हटत नसेल, तर दिव्यावर विसंबू नका, केबल बदलून बघा.