पाळीतलं पोट दुखणं आणि एंडोमेट्रिओसिस, फरक ओळखा

"सगळ्यांचंच दुखतं गं, लग्न झालं की थांबेल" असं म्हणून आपल्याकडे दोन वेगळी दुखणी एकच समजली जातात, आणि त्यात दहावी-बारावीच्या मुली भरडल्या जातात.

साधं दुखणं बहुतेकदा पहिल्या पाळीनंतर वर्ष-दोन वर्षांत सुरू होतं. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने गर्भाशय आवळलं जातं आणि ओटीपोटात कळा येतात, कंबर-मांड्या भरून येतात, आतड्यांवरही त्याचा परिणाम होतो म्हणून जुलाब, उलट्या, आणि घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी खाल्लं. दोन-तीन दिवसांत हे ओसरतं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या हे रसायन बनणंच कमी करतात, म्हणून कळ सुरू झाली की लगेच, काहीतरी खाऊन गोळी घ्यायची. पण "सवय लागेल" म्हणून मुली दात-ओठ खाऊन सहन करतात, अगदीच असह्य झालं की घेतात आणि मग म्हणतात गोळी लागूच पडत नाही. सवय लागत नाही हो या गोळ्यांची! फक्त अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि गोळीनंतर अंगावर पुरळ-ताप आला तर बंद करून लगेच दाखवा. गरम पाण्याच्या पिशवीनेही खरंच आराम पडतो.

एंडोमेट्रिओसिसमध्ये त्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात. डब्ल्यूएचओच्या मते जगात पाळी येण्याच्या वयातल्या साधारण 10 टक्के मुली-स्त्रियांना हा आजार आहे आणि तो शाळकरी वयातही असू शकतो. यात पाळीच्या आधीपासून, कधी पाळी नसतानाही दुखतं, शौचाला-लघवीला जाताना कळ येते, महिन्यागणिक वाढत जातं. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आजार असू शकतो, म्हणून "रिपोर्ट चांगला आहे, नाटकं करू नको" असं कृपा करून मुलीला म्हणू नका.

तीन महिने गोळी वेळेवर घेऊनही शाळा बुडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. लग्नाआधी तिकडे जायचं म्हटलं की आया घाबरतात, पण या वयात आतून तपासणी सहसा करत नाहीत, सोनोग्राफी पोटावरूनच होते. जाताना भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो न्या, कुठल्या दिवशी किती दुखलं, गोळी कधी घेतली, शाळा बुडली का, सगळं त्यावरच लिहीत जा, दुधाचा हिशोब लिहितो ना तसं.