द्राक्षाचं उरलेलं जीए गव्हावर मारू नका
(आमच्याकडून गव्हाचं बियाणं नेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी)

डिसेंबर लागला की निफाड पट्ट्यात हा फोन ठरलेला. द्राक्षाचं डिपिंग (घड जीएच्या पाण्यात बुडवणं) झालेलं असतं, जीएची अर्धी पुडी उरलेली असते आणि शेजारच्या वावरात गहू फुटव्यावर आलेला असतो. "भाऊ, हेच गव्हावर मारलं तर? मणी फुगतो तसा दाणाही फुगेल की!" जीए आम्हीच विकतो, तरी नको म्हणतो. ते का, हे फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक.

जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. जिबरेलिन गटातली संप्रेरकं झाड स्वतःही बनवतं. पेशींनी लांबायचं, हा त्यांचा निरोप. एरवी वाढीला ब्रेक लागलेला असतो. तो ब्रेक म्हणजे पेशीतलं 'डेला' नावाचं प्रथिन. जिबरेलिन आलं की पेशीतला ग्राहक रेणू, म्हणजे निरोप घेणारा रेणू, आधी त्याला धरतो, मग दोघं मिळून डेलाला पकडतात आणि पेशी ते डेला मोडीत काढते. ब्रेक सुटतो, कांडं लांबतं.

आज आपण पेरतो त्या बहुतेक बुटक्या सरबती वाणांत या ब्रेकच्याच जनुकात एक अक्षर बदललेलं आहे. फक्त एक. त्यामुळे त्या प्रथिनाला सुरुवातीचा तुकडाच राहत नाही, आणि ग्राहक रेणूला ते धरायला नेमका तोच तुकडा लागतो. निरोप येतो, पण ब्रेक सुटत नाही. म्हणजे या गव्हाला जिबरेलिन कमी पडतं असं नाही. उलट ते झाडात साठून राहतं. वरून आणखी मारून काय साधणार?

खात्री पटावी म्हणून मागे आम्ही दुकानामागे दोन ट्रे ठेवले होते, एकात जुना उंच बन्सी, दुसऱ्यात बुटका सरबती. दोन्हींवर सारखंच जीए मारलं. आठवड्यात बन्सीची रोपं लांबुडकी, फिकट होऊन वाकली. बुटका होता तसाच. बुटकेपणाचं जनुक आहे की नाही हे ओळखायला शास्त्रज्ञही अशीच रोपं तपासतात.

मग सगळा निरोपच ऐकू येत नसेल, तर बुटका गहू वाढतो तरी कसा? सरबती गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात, ए, बी आणि डी. या जनुकाची प्रत तिन्ही संचांत आहे, आणि बदल सहसा बी किंवा डी यांपैकी एकाच प्रतीत असतो. उरलेल्या दोन प्रती निरोप ऐकतात. म्हणून गहू खुरटत नाही, बेताचा राहतो.

हे बियाणं जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं, नाही. असा बदल जपानच्या 'दारुमा' या जुन्या गव्हात निसर्गतःच झालेला होता. त्यापासून पैदास केलेला 'नोरिन १०' हा वाण १९३५ साली आला, १९४६ मध्ये त्याचं बी अमेरिकेत गेलं, तिथून गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे मेक्सिकोत. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बी आणलं, त्यातही हीच जनुकं होती. युरिया दिला की आडवा पडणारा गहू उभा राहिला तो यामुळे. जनुकाचा नेमका उलगडा मात्र १९९९ सालचा. (जिबरेलिनचा पहिला माग लागला तोही जपानमध्येच, भाताच्या एका रोगावरून.)

आता तुमच्या कामाचं. ब्रेक लागलेला असल्यामुळे नुसतं कांडंच नाही, तर उगवताना कोंबावर असलेली टोपीही आखूड राहते. बी खोल गेलं तर टोपी जमिनीच्या वर पोचत नाही, आतलं पान मातीतच मुरडतं आणि वावरात जागोजागी रिकामं दिसतं. आजोबा ओलीच्या मागे खोल पेरायचे ते उंच वाणांत चालून गेलं. इथे ५ सेंटीमीटर धरा, ६च्या पुढे नको. पाभर (पेरणीचं अवजार) चालू केल्यावर पहिल्याच ओळीत थांबा, बी उकरा, बोटाने मोजा.

दुसरी गोष्ट मार्चच्या पावसाची. जनुक असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. दाण्यातल्या पिठाची साखर करणारी जनुकं पानातही असतात, पण ती जोरात चालतात उगवत्या दाण्यात, कोंड्याखालच्या थरात. त्यांना चालू करतं जिबरेलिन, दाबून ठेवतं अ‍ॅब्सिसिक आम्ल, हे झाडाचं दुसरं संप्रेरक. मोड आलेला गहू चावून बघा, गोडसर लागतो. पिकलेली ओंबी भिजत राहिली की हेच उभ्या पिकात सुरू होतं, आणि त्या पिठाची कणीक हाताला चिकटते. पांढऱ्या दाण्याचे वाण लालसर दाण्यापेक्षा यात सहसा लवकर सापडतात. यावर फवारणी नाही. पिकलेला गहू वावरात उभा ठेवू नका, एवढंच हातात आहे.

उगवणीची तक्रार असेल तर पिशवी, तिच्यावरची चिठ्ठी, पावती आणि मूठभर शिल्लक बी घेऊन या. आणि निघण्यापूर्वी चार ठिकाणी उकरून, बी किती खोल पडलंय ते मोजून या.