कुवेतचा उन्हाळा आणि आपला पावसाळा

21 जुलै 2016 रोजी कुवेतमधील मित्रिबा येथे 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि काटेकोर तपासणीनंतर, 2019 मध्ये, जागतिक हवामान संघटनेने ते आशियातील उच्चांक म्हणून मान्य केले. यातला जुलै महिना महत्त्वाचा आहे. विदर्भ तापतो तो मे महिन्यात. पाऊस आला की निवतो.

कडक ऊन हे या उष्णतेचे कारण खरे, पण अपुरे आहे. फिकट वाळू बराचसा सूर्यप्रकाश परतवून लावते आणि निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निसटून जाते. तरीही हवा एवढी तापते, कारण ती वरून खाली उतरत असते. खाली येताना वाढत्या दाबाने ती आकुंचन पावते आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे नळकांडे गरम होते, त्यातलाच हा प्रकार. अशा उतरत्या हवेत ढगही धरत नाहीत.

विषुववृत्तावर वर चढलेली हवा 30 अक्षांशाच्या आसपास उतरते, हे आपण शाळेत शिकतो. मात्र हे अभिसरण उन्हाळ्यात दुबळे असते, मग वाळवंटे तेव्हाच इतकी कोरडी का, हा प्रश्न उरतो. रॉडवेल आणि हॉस्किन्स या शास्त्रज्ञांनी 1996 मध्ये दाखवले की, भारतीय मोसमी पावसात बाष्पाचे पाणी होताना जी प्रचंड उष्णता मोकळी होते, तिच्यामुळे वातावरणात उठणाऱ्या लहरी पश्चिमेकडे पसरतात आणि नैर्ऋत्य आशियापासून भूमध्य समुद्रापर्यंतची हवा खाली बसते. आपल्याकडे धो धो पाऊस पडतो तेव्हा तिकडचे आकाश कोरडे पडण्याला तोही हातभार लावतो, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

कुवेतमध्ये वर्षाला जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो. ओल्या जमिनीत उन्हाची बरीच ऊर्जा बाष्पीभवनात खर्च होते. इथे ती सरळ हवा तापवण्यात जाते. त्यातच इराककडून ‘शमाल’ हा कोरडा, धुळकट वारा येतो. इराणपासून वायव्य भारतापर्यंतचा जो कमी दाबाचा पट्टा आपले मोसमी वारे ओढतो, तोच शमाललाही खेचतो.

समुद्राचाही फारसा आधार नाही. कुवेतलगतचे, सरासरी 35 मीटर खोलीचे पर्शियन आखात स्वतःच तापलेले असते. तिकडून दमट वारा सुटला की पारा थोडा उतरतो, पण घाम वाळत नाही, आणि उघड्यावर राबणाऱ्याला तो दिवस अधिक जड जातो.