मिनीला मेट्रोचे कॅलिपर : एका अदलाबदलीची पार्श्वभूमी

जुन्या ब्रिटिश मिनीला ऑस्टिन मेट्रो या दुसऱ्या ब्रिटिश गाडीचे पुढचे कॅलिपर, म्हणजे ऑइलच्या दाबाने सरकणाऱ्या पिस्टनांनी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारे ब्रेकचे भाग, बसवण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की, आपल्या गाडीत बसलेले कॅलिपर मूळचे दुसऱ्याच मॉडेलचे आहेत, याची अनेक मालकांना कल्पनाही नसते. सुट्या भागांच्या यादीत हा कॅलिपर ‘चार पिस्टनचा संच’ म्हणून मिळतो आणि गॅरेजमध्ये एका दुपारी बसवून होतो. ही अदलाबदल मुळात शक्य कशी झाली, हे समजून घ्यायचे तर पिस्टनांची संख्या बाजूला ठेवून आधी चाकाचा व्यास पाहावा लागतो.

मिनी १९५९च्या ऑगस्टमध्ये आली, ती १० इंची चाके आणि चारही चाकांना ७ इंची ड्रम ब्रेक घेऊन. एवढ्या लहान चाकामुळे आतल्या माणसांना ऐसपैस जागा मिळाली, पण ब्रेकला मात्र जागा उरली नाही. १९६१च्या कूपर या वेगवान मिनीला पुढे ७ इंची डिस्क मिळाली आणि ती अपुरी असल्याचे लवकरच दिसून आले. १९६३च्या कूपर एसमध्ये साडेसात इंचांची, अधिक जाड डिस्क आणि जोडीला पायाचा जोर वाढवून देणारा सर्व्हो आला. माँटे कार्लोच्या रॅलीत मिनी १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली, ती याच साडेसात इंची डिस्कवर. मोठ्या संख्येने बनणाऱ्या ओतीव लोखंडाच्या कॅलिपरसह १० इंची चाकात याहून मोठी डिस्क मावत नव्हती.

ही मर्यादा किती जाचक होती, हे साध्या गणिताने कळते. माणसांसह सुमारे ७०० किलो वजनाची मिनी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची तर जवळपास २७० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. वेग १४० असेल तर हाच आकडा ५३०च्या आसपास जातो. पुढे बसवलेल्या इंजिनामुळे आधीच पुढच्या चाकांवर जास्त असलेले वजन ब्रेक लागताच आणखी पुढे सरकते आणि त्या उष्णतेचा फार मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कांना सोसावा लागतो. लांब घाट उतरताना डिस्क तापते, पॅड तापतात, कॅलिपरमधले ब्रेक ऑइलही तापते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही अट १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल एकदा उकळले की पेडल थेट तळाला जाते.

कोंडी फुटली ती १९७४ साली. त्या वर्षी १२७५ जीटी या मिनीला १२ इंची चाके आणि त्यांच्या आत ८.४ इंची, म्हणजे २१३ मिलिमीटरची डिस्क मिळाली. १९८०च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो बाजारात आली. इंजिन मिनीच्याच घराण्यातले, चाके १२ इंची, डिस्क तीच ८.४ इंचांची, कॅलिपर मात्र चार पिस्टनांचा. पुढे टर्बो मेट्रोला त्याच व्यासाची, पण मधून हवा खेळणारी डिस्क आणि तिच्या जाडीला पुरेल असा रुंद कॅलिपर मिळाला. १९८४च्या अखेरीस सगळ्याच मिनींना १२ इंची चाके आणि ८.४ इंची डिस्क आल्या, पण त्यांचा कॅलिपर दोन पिस्टनांचाच राहिला. अशा रीतीने एकाच व्यासाच्या डिस्कवर बसणारे, हबवर त्याच दोन बोल्टांनी धरले जाणारे दोन वेगळे कॅलिपर एकाच वेळी रस्त्यावर होते, आणि त्यांतला सरस मानला जाणारा कॅलिपर अशा गाडीवर होता, जी गंजून लवकर भंगारात जात असे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या दशकात भंगाराच्या आवारात पडलेली प्रत्येक मेट्रो मिनीवाल्यांसाठी सुट्या भागांचे कोठार ठरली. १९५९पासूनच्या पंचवीस वर्षांपेक्षा मला ही दहा-बारा वर्षे महत्त्वाची वाटतात, कारण आजचे सगळे समज आणि गैरसमज याच काळात पक्के झाले.

त्यांतला सर्वांत चिवट गैरसमज ‘चार पिस्टन’ या नावातच आहे. दोनाच्या जागी चार पिस्टन आले म्हणजे ब्रेक दुपटीने लागणार, असे हे नाव ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात पॅड डिस्कवर किती जोराने दाबला जाईल, हे ऑइलचा दाब आणि डिस्कच्या एका बाजूच्या पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ यांवर ठरते. एका मोठ्या पिस्टनचे क्षेत्रफळ दोन लहान पिस्टनांच्या बेरजेइतके असेल, तर दाबणारे बल तेवढेच राहते. एका बाजूला दोन पिस्टन असण्याचा खरा लाभ वेगळा आहे: लांब पॅडला पाठीमागून दोन ठिकाणी आधार मिळतो, तो सरळ झिजतो, उष्णता मोठ्या क्षेत्रावर पसरते. शिवाय क्षेत्रफळ वाढवले तर पिस्टन हलवायला ऑइलही जास्त लागते आणि पेडल अधिक खाली जाते. ते वर आणण्यासाठी पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला, तर त्याच पायाच्या जोराला मिळणारा दाब सुमारे सतरा टक्क्यांनी घटतो. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने परत करावे लागते, आणि संचाच्या खोक्यावर याचा उल्लेख नसतो.

यापेक्षा गुंतागुंतीचा, आणि माझ्या मते अधिक गंभीर, प्रश्न त्या कॅलिपरच्या पाठीमागे आहे. सुरुवातीच्या मेट्रोचा कॅलिपर हातात घेऊन उलटा केला, की होज, म्हणजे ऑइलची लवचिक नळी, जोडण्यासाठी आटे पाडलेली दोन वेगळी छिद्रे दिसतात. मेट्रोच्या ब्रेक ऑइलची दोन स्वतंत्र सर्किटे होती आणि दोन्ही सर्किटे प्रत्येक पुढच्या कॅलिपरपर्यंत आणलेली होती. समोरासमोरच्या दोन पिस्टनांची एक जोडी एका सर्किटवर, दुसरी जोडी दुसऱ्यावर. एखादा पाइप फुटून एक सर्किट रिकामे झाले, तरी पुढची दोन्ही चाके निम्म्या ताकदीने का होईना, पण सारखी धरली जात आणि गाडी एका बाजूला ओढली जात नसे. म्हणजे इथले चार पिस्टन ताकदीसाठी असण्यापेक्षा सुरक्षेच्या एका नेमक्या विचारासाठी होते.

मिनीच्या प्रत्येक पुढच्या चाकाला मात्र एकच होज येतो. त्यामुळे कॅलिपर आणताच दुसऱ्या छिद्राचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याची दोन उत्तरे प्रचलित झाली. पहिले उत्तर म्हणजे एका होजमधून आलेले ऑइल छोट्या जोडनळीने दोन्ही छिद्रांना देणे. दुसरे, दुर्दैवाने तितकेच सोपे, उत्तर म्हणजे जास्तीच्या छिद्रात बूच मारून मोकळे होणे. बूच मारलेल्या कॅलिपरची एक जोडी मुकी राहते. पॅडच्या एका टोकालाच दाब मिळतो, तो तिरका झिजतो, आणि पेडल मात्र चांगले कडक लागते, कारण हलवायला पिस्टनच कमी असतात. कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक, असे समजणाऱ्याची इथे पुरती फसगत होते. जोडनळीचा मार्ग निश्चितच योग्य आहे, तरीही त्यात काय गमावले जाते, हे लिहिले जायला हवे. चारही पिस्टन एकाच सर्किटवर आल्याने मेट्रोतला तो सुरक्षेचा विचार मिनीपर्यंत पोहोचत नाही. भाग येतो, त्यामागची रचना मागेच राहते. पुढच्या काळातल्या मेट्रोत एकाच होजचे कॅलिपर आले आणि ते मिनीवर जास्त सरळ बसत असल्याने त्यांना मागणी वाढली, पण भंगारातून आणलेला जुना कॅलिपर कोणत्या प्रकारचा आहे, हे तपासण्याची गरज त्यामुळे संपली नाही.

मागच्या चाकांकडे या सगळ्या काळात फारसे कोणी पाहिले नाही. पुढचा ब्रेक बळकट करून मागचे ड्रम जसेच्या तसे ठेवले, तर पुढची चाके आधी लॉक होतात आणि मागच्या टायरांची उरलेली पकड वाया जाते. थंड ब्रेकवर एकदाच करकचून थांबायचे असेल, तर अंतर टायरच्या पकडीवर ठरते. मूळ कॅलिपरही जर चाक लॉक करू शकत असेल, तर नव्या कॅलिपरने ते अंतर घटेलच असे नाही. फरक पडतो तो पुन्हा पुन्हा ब्रेक लावताना, घाटात आणि ट्रॅकवर, आणि तिथेही टर्बोच्या जाड, हवा खेळणाऱ्या डिस्कचा वाटा मोठा असतो. मागचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आणि मागच्या सिलिंडरांचा व्यास यांचा विचार स्पर्धेत उतरणाऱ्यांनी केला. रोजच्या गाडीवाल्यांनी बहुधा केला नाही.

बसवताना चाकाचीही अडचण येते. मेट्रोचा कॅलिपर मिनीच्या कॅलिपरपेक्षा फुगीर असल्याने काही अलॉय चाके त्याला घासतात. अनुभवी मिस्त्री कॅलिपरच्या पुढच्या अंगावर मऊ मातीची गोळी दाबून चाक बसवतात, हाताने एक फेरा फिरवतात आणि चाक काढून चपटी झालेली माती मोजतात. गोळी फाटून लोखंड उघडे पडले असेल, तर चाक थोडे बाहेर सरकवणारा स्पेसर किंवा दुसरे चाक लागते.

मेट्रोचे उत्पादन नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, तर मिनीचे २०००च्या ऑक्टोबरमध्ये थांबले. भंगारातल्या मेट्रो संपत गेल्या तसे त्याच मापाचे नवे कॅलिपर, काही लोखंडी आणि काही हलक्या अलॉयचे, बाजारात आले. १० इंची चाकात मावणारे, ७.९ इंची डिस्कचे सडपातळ अलॉय संचही मिळू लागले. दरम्यान ब्रिटनमधील नियमही बदलले. २० मे २०१८पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली, मात्र गेल्या तीस वर्षांत त्यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट राहिली. सुरक्षा किंवा कार्यक्षमता वाढवण्यासाठी अ‍ॅक्सल आणि चाकांच्या यंत्रणेत केलेले बदल या ‘मोठ्या बदला’त धरले जात नाहीत. त्यामुळे कॅलिपर बदललेल्या मिनीला सूट मिळण्यात सहसा अडचण येत नाही, आणि १९८४च्या मिनीही आता चाळिशी ओलांडून या सुटीत आल्या आहेत. मला ही सवलत ब्रेकच्या बाबतीत चिंतेची वाटते. तपासणीत प्रत्येक चाकाचा ब्रेक फिरत्या रोलरवर स्वतंत्रपणे मोजला जातो. डाव्या कॅलिपरची जोडनळी चोंदली असेल किंवा उजव्यात कोणी बूच मारले असेल, तर दोन आकड्यांतला फरक तिथे लगेच उघडा पडतो. सूट असली तरी ही तपासणी स्वेच्छेने करून घेता येते, आणि मेट्रोचे कॅलिपर बसवलेल्या प्रत्येक मिनीने, निदान बसवल्यानंतर एकदा तरी, त्या रोलरवर उभे राहायला हवे.