ब्रेन ट्यूमरच्या पेशंटला "उदास वाटणारच" म्हणून सोडून देऊ नका

"एवढं मोठं दुखणं झाल्यावर माणूस उदास असणारच ना!" हे ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण ह्याच वाक्यामुळे ब्रेन ट्यूमरच्या पेशंटचं डिप्रेशन कुणी विचारतच नाही आणि उपचार राहून जातात. वाईट वाटणं वेगळं, आणि सलग दोन आठवडे जवळजवळ रोज मन खाली असणं किंवा कशातच रस न वाटणं वेगळं.

ओळखायला अवघड आहे हे मान्य. थकवा, झोप उडणं, भूक जाणं, लक्ष न लागणं हे ट्यूमरनेही होतं आणि रेडिएशननेही, सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात त्याने मूड हलतो, फिट्सवरच्या लेव्हेटिरासिटामने काहीजण भयंकर चिडचिडे होतात. त्यामुळे पीएचक्यू-९ हा डिप्रेशन तपासायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म भरला तर २७ पैकी १० मार्क, म्हणजे डिप्रेशनचा संशय घ्यावा इतके, नुसत्या शारीरिक तक्रारींनीही होऊ शकतात.

पण खरी गंमत कपाळामागे आहे. फ्रंटल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाच्या, आतल्या बाजूला अँटिरियर सिंग्युलेट नावाचा पट्टा असतो, तिथून सिग्नल मेंदूत खोलवर असलेल्या भागांकडे जातो: आधी व्हेंट्रल स्ट्रायटम, पुढे पॅलिडम, मग थॅलॅमस आणि तिथून परत सिंग्युलेटकडे. असे फिरून परत येणारे पाच लूप १९८६ मध्ये अलेक्झांडर, डिलाँग आणि स्ट्रिक या मेंदू-संशोधकांनी मांडले. "हे करायची मेहनत परवडेल का" हा हिशोब ह्या लूपमध्ये होतो, आणि ट्यूमरने किंवा भोवतालच्या सुजेने तो बिघडला की माणूस दुःखी असेलच असं नाही, त्याच्याकडून सुरुवातच होत नाही. ताट पुढे ठेवलं तर जेवतो, चला म्हटलं तर चालतो, स्वतःहून उठत मात्र नाही. विचारलं तर म्हणतो, "मला काही त्रास नाही." ही अ‍ॅपथी. घरच्यांना वाटतं आळशी झाले, नाहीतर "बाहेरचं" आहे म्हणून अंगारा लावतात! डिप्रेशनवाला आतून त्रासलेला असतो, "मी सगळ्यांना ओझं झालोय" म्हणतो, अपराधी वाटतं, मरणाचे विचार येतात. कधीकधी दोन्ही एकत्रही असतं, म्हणून सायकियाट्रिस्टला दाखवायलाच हवं.

आणि "पॉझिटिव्ह राहा, ट्यूमर विरघळेल" असले व्हिडिओ कृपा करून पेशंटला पाठवू नका, ट्यूमर वाढला तर तो बिचारा स्वतःलाच दोष देतो.

तुमच्या माणसाला थेट विचारा, "जगावंसं वाटत नाही असं होतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. शॉर्टकट म्हणून घरात पडलेली कुणाची डिप्रेशनची गोळी मात्र देऊ नका, ब्युप्रोपिऑनसारख्या औषधाने फिट येण्याचा धोका वाढतो.