पावणेसात म्हणजे पावणेसात : हिवाळी किनारा सहलीच्या प्रवाशांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही लंडनच्या हॅरोहून इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर हेस्टिंग्ज, राय, डील आणि डोव्हर अशी शनिवार-रविवारची सहल नेतो. बुकिंग झालं की दोन प्रश्न हमखास येतात. एक, ‘सुट्टीच्या दिवशी पावणेसातला, इतक्या पहाटे कशाला? नऊ-साडेनऊला आरामात निघू या की.’ आणि दुसरा, ‘समुद्रावरचा सूर्यास्त कुठल्या दिवशी आहे?’ फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं छापून टाकलेलं बरं, म्हणून हा कागद.

मुंबईत जून आणि डिसेंबरच्या सूर्यास्तात जेमतेम सव्वा तासाचा फरक असतो. त्यामुळे उजेड बघून बेत आखायची आपल्याला सवयच नाही. इथे जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत सूर्य असतो आणि डिसेंबरमध्ये केंटच्या किनाऱ्यावर पावणेचारच्या सुमाराला मावळतो. उगवतो आठच्या आसपास. म्हणजे हातात आठ तासही धड नाहीत. त्यात किल्ले आणि वाडे हिवाळ्यात बहुतेक चारला बंद होतात, शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी. बरेचसे मधल्या वारी उघडतच नाहीत, म्हणून तर ही सहल आम्ही फक्त शनिवार-रविवारी ठेवतो. ‘आम्हाला मंगळवारी स्वस्तात द्या’ असं विचारणाऱ्यांना नाही म्हणतो ते याच कारणाने. मंगळवारी तुम्हाला किल्ल्याचं कुलूप दाखवून पैसे घेणं आमच्याच्याने होणार नाही.

आता गणित बघा. पावणेसातला हॅरो सोडलं तर सव्वानऊच्या आसपास हेस्टिंग्ज. सव्वासातला सोडलं तर पावणेदहा नव्हे, बऱ्याचदा सव्वादहा होतात. लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर शनिवारची गर्दी सुरू झालेली असते, आणि पुढे हेस्टिंग्जला जाणारा ए-२१ रस्ता काही टप्प्यांत जायला एक आणि यायला एक अशा लेनचा आहे. तिथे एखादा ट्रॅक्टर पुढे आला की सोळा जण त्याच्या मागे भजन म्हणत बसतात. हा गेलेला तास दिवसाच्या शेवटी रायमध्ये कापला जातो, आणि बहुतेकांनी सहल रायसाठीच घेतलेली असते.

‘मग संध्याकाळी तासभर उशिरा परतू’ हा तोडगाही चालत नाही. चार वाजता अंधार झाल्यावर तो जादा तास पार्किंगमध्येच जातो. शिवाय ड्रायव्हरच्या वेळा कायद्याने बांधलेल्या आहेत. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते आणि रात्रीची झोपही ठरलेल्या तासांची. ती नोंद यंत्रात होते, आमच्या शब्दावर चालत नाही. म्हणून ठरल्या वेळेनंतर आम्ही दहा मिनिटं थांबतो आणि निघतो. ज्यांची गाडी चुकेल त्यांनी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून अ‍ॅशफर्डची जलद ट्रेन धरावी (चाळीस मिनिटांच्या आत पोचते), तिथे बदलून रायला यावं आणि तिथे आम्हाला गाठावं. हिवाळ्यात शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, तेव्हा घरून निघण्याआधी ट्रेन धावतेय की तिच्याऐवजी बस आहे ते बघा.

सूर्यास्ताचं म्हणाल, तर आपण कोकणातली माणसं. समुद्र म्हटला की सूर्य त्यातच बुडणार असं डोक्यात पक्कं. डीलचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे. तिथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी गावामागे, घरांच्या पलीकडे जातो. पण याचा फायदा असा की डिसेंबरात समुद्रावरचा सूर्योदय बघायला पहाटे उठावं लागत नाही. आमचा मुक्काम शनिवारी रात्री डीलमध्ये असतो तो यासाठीच. रविवारी पावणेआठला चहाचा कप हातात घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरायचं. आभाळ साफ असेल तर जूनच्या गर्दीत मिळणार नाही असं दृश्य मिळतं, आणि नसेल तर नाश्ता लवकर होतो. तिथून दिसणाऱ्या पाण्यात, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर, गुडविन नावाची वाळूची दांडी आहे. १७०३ च्या वादळात आरमाराची जहाजं तिथेच गेली.

थोडक्यात, समुद्र आणि किल्ले आम्ही सकाळी-दुपारी ठेवतो आणि गल्ल्या दिवस कलताना. हा क्रम बदलून मागू नका, तो विचार करून लावला आहे.

हेस्टिंग्जला सकाळी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या मासेमारीच्या होड्या असतात. इथे बंदर नाही, होड्या थेट गोट्यांवरून पाण्यात लोटतात. शेजारी डांबर फासलेल्या उंच, अरुंद, काळ्या लाकडी खोल्या आहेत. त्या जाळी ठेवण्यासाठी. जागा कमी म्हणून वर वर बांधत गेले. ‘१०६६ ची लढाई, नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं ती, कुठे झाली?’ हे इथे सगळे विचारतात. इथे नाही, दहाएक किलोमीटर आत, बॅटल नावाच्या गावी. ते आमच्या सहलीत नाही. इथे टेकडीवर विल्यमच्या किल्ल्याचे अवशेष आहेत, ते खालून दाखवतो.

विंचेल्सीला पंधरा मिनिटांचा थांबा. जुनं विंचेल्सी १२८७ च्या वादळात समुद्राने घेतलं, आणि त्याच सुमाराला पहिल्या एडवर्ड राजाने टेकडीवर काटकोनी रस्त्यांचं नवं गाव वसवलं. त्याच वादळाने रॉदर नदीचं मुख न्यू रॉम्नीकडून रायकडे वळवलं. एक बंदर कोरडं पडलं, दुसऱ्याचं भाग्य उघडलं. पुढे गाळाने रायचंही बंदर भरत गेलं, आणि आज समुद्र तिथून तीनेक किलोमीटर लांब आहे.

रायमध्ये आधी सेंट मेरी चर्चचा मनोरा, कारण तो उजेडातच चढण्यात अर्थ आहे. वरून लाल कौलं आणि पुढे पसरलेली सपाट दलदलीची जमीन दिसते. खाली उतरल्यावर चर्चच्या आत मान वर करा. सोळाव्या शतकातल्या घड्याळाचा लांबलचक लंबक डोक्यावर सावकाश झुलत असतो. बाहेर घड्याळाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी पोरं आहेत, ती पाव-पाव तासाला टोले देतात, तासाला नाही. ‘पाच वाजले तरी वाजले नाहीत’ म्हणून कोणी घड्याळाला बंद ठरवू नये. मग दिवे लागले की मर्मेड स्ट्रीट. त्या गल्लीतल्या खानावळीत अठराव्या शतकात हॉकहर्स्टची तस्करांची टोळी बसायची. उतार तीव्र आहे आणि रस्ता गोल दगडांचा. पाऊस पडून गेला की मोजडी, चपटे बूट, टाचेची पादत्राणं सगळी घसरतात. खोल नक्षीच्या तळाचे बूट हवेत. पुण्या-मुंबईहून आलेल्या आई-बाबांना आम्ही वरच्या बाजूने फिरवून आणतो, फक्त आधी सांगा.

रविवारी दहाला वॉल्मर. आठव्या हेन्रीने १५३९-४० मध्ये फ्रान्सच्या भीतीने बांधलेला हा बुटका, गोलाकार किल्ला. नंतर तो सिंक पोर्ट्सच्या, म्हणजे या किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांच्या संघाच्या, लॉर्ड वॉर्डन या प्रमुखाचं निवासस्थान झाला. ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन १८२९ पासून त्या पदावर होता, आणि १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो इथेच, एका खुर्चीत बसल्या बसल्या गेला. ती खुर्ची, त्याची लष्करी घडीची खाट आणि त्याच्या नावाने जगभर विकले जाणारे ते मूळ बूट इथे बघायला मिळतात. आपल्या लोकांनी या खोलीत जरा जास्त वेळ थांबावं असं आमचं मत आहे. हाच वेलिंग्टन, तेव्हाचा आर्थर वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. जिंकला, पण फार माणसं गमावून. शिंद्यांच्या तोफखान्याने त्याला दिलेला तो तडाखा त्याच्या कायम लक्षात राहिला. साध्या, अरुंद खाटेकडे बघताना हे माहीत असलेलं बरं. इथे गाइडची टेप हे नीट सांगत नाही, आम्ही सांगतो.

दुपारी डोव्हर. दुसऱ्या हेन्रीचा मोठा मनोरा, रोमन दीपस्तंभ आणि खडकातली भुयारं. १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून तीन लाख अडतीस हजारांवर सैनिक परत आणण्याची मोहीम याच भुयारांतून चालवली गेली. उन्हाळ्यात तिथे लांब रांग असते, हिवाळ्यात तशी नसते. तीनला बाहेर पडायचं आणि पांढऱ्या कड्यांवर थोडा वेळ. हवा स्वच्छ असेल तर ३३ किलोमीटरवरचा फ्रान्स नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आणि इथेच मोबाइलची गंमत होते. कड्यांवर फोन फ्रेंच टॉवर पकडतो, घड्याळ आपोआप तासाने पुढे जातं, आणि मंडळी ‘उशीर झाला’ म्हणून धापा टाकत तासभर आधी गाडीपाशी येऊन कुडकुडत बसतात. डोव्हरला पोचायच्या आधी रोमिंग बंद करा आणि वेळ हाताने लावा. मनगटी घड्याळ असेल तर उत्तम.

छत्री आणू नका. किनाऱ्यावरचा वारा ती पहिल्या दहा मिनिटांत उलटी करतो. टोपीचं जाकीट आणा. जेवणाचं : पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं, म्हणून जेवण बारालाच. शाकाहारींनी चिप्स घेताना तळण कशात आहे ते विचारावं. काही दुकानांत अजून गोमांसाची चरबी वापरतात, आणि तेल असलं तरी माशाची आणि बटाट्याची कढई एकच असू शकते. पोळी-भाजीचा डबा गाडीत खुशाल उघडा. सुकटीची चटणी मात्र कृपा करून घरी ठेवा.

किल्ल्यांची तिकिटं आमच्या दरात धरलेली नाहीत. बऱ्याच जणांकडे हे किल्ले सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेचं सभासदत्व असतं, त्यांनी दुसऱ्यांदा पैसे का भरावे? कार्ड मात्र बरोबर आणा. सभासद नसाल तर वॉल्मर आणि डोव्हर मिळून किती पडतं आणि वर्षाचं सभासदत्व किती, ते बुकिंगच्या वेळी मांडून दाखवतो. थोडा जास्त उजेड हवा असेल तर जानेवारीअखेरची तारीख घ्या. तेव्हा सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळतो, आणि नाताळ उलटल्यामुळे आमचा दरही कमी असतो.

शनिवारी रायहून डीलला जाताना रस्ता अंधारातला आणि दलदलीच्या कडेकडेने काटकोनात वळणारा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी बुकिंग करतानाच सांगा. पुढच्या सीट त्यांच्यासाठी ठेवतो, आदल्या दिवशी सांगितलं तर त्या गेलेल्या असतात.