ब्रेकमधील हवा काढणे (जुन्या मोटारी)

मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये शिरलेली हवा आणि जुने झालेले ब्रेक ऑइल चाकांजवळच्या निपलमधून (सैल करता येणाऱ्या छोट्या पोकळ स्क्रूमधून) बाहेर काढून नवे ऑइल भरण्याची क्रिया. गॅरेजमध्ये तिला ब्रेक ब्लीड करणे असेही म्हणतात.

पॅडलचा दाब मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पॅडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरमधून, नळ्यांतल्या द्रवामार्फत चाकांपर्यंत जातो. द्रव दबत नाही, हवा दबते. म्हणून नळीत बुडबुडे असले की पॅडल स्पंजासारखे लागते आणि दोन-तीनदा पंप केल्याशिवाय ब्रेक धरत नाही. ग्लायकॉल या रसायनाचे ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे हवा शिरली नसली तरी ते बदलावेच लागते. डॉट ३ या प्रमाणित प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. घाटाच्या उतारावर ब्रेक तापले की या पाण्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता या गाड्या मुख्यतः हौशी मालकांकडे असून बराच काळ उभ्या असतात. उभ्या गाडीचे ऑइल आपोआप चांगले राहते, हा समज चुकीचा आहे: ओलावा मुरतच राहतो आणि सिलिंडर आतून गंजतो.

काम दोघांचे. आधी ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) ॲडजस्ट करतात, नाहीतर हवा निघूनही पॅडल खोल जाते. सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात होते. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवतात. आतला माणूस पॅडल दाबून धरतो, खालचा माणूस निपल सैल करतो, बुडबुडे आले की पुन्हा आवळतो आणि मगच ‘सोड’ म्हणतो. क्रम चुकला तर हवा परत आत ओढली जाते. ब्रेक ऑइलच्या टाकीतले ऑइल संपू देत नाहीत. सांडलेले ऑइल रंग खाते. ते लगेच पाण्याने धुवावे.

जुन्या गाडीत सर्वांत जास्त नुकसान घाईने होते. पॅडल तळापर्यंत दाबले की मास्टर सिलिंडरचे रबर एरवी न वापरल्या जाणाऱ्या, गंजलेल्या भागावर घासून फाटते. पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवणे हा साधा आणि खात्रीचा उपाय. गंजलेल्या निपलवर जोर लावला तर तो मोडतो, म्हणून आदल्या दिवशीच त्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवतात. मात्र खनिज तेल आतल्या रबरापर्यंत जाता कामा नये, त्याने रबर फुगते. सिलिकॉनचे डॉट ५ ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळू नये.

शेवटी पॅडल मिनिटभर जोराने दाबून धरतात. ते हळूहळू खाली बसले तर दोष हवेचा नसतो: एकतर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नये.